चपलेची उष्णता

आमच्या घरात एक काशाची वाटी होती. आता नाही. ती का नाही हे तिघांना माहीत आहे: मला, माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना. नवरा विसरल्यासारखं दाखवतो. सासूबाईंनी चोवीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि मी? मी ती गोष्ट कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगत आले, स्टाफरूममध्ये, चहाबरोबर.

वाटी तशी साधी. पसरट, मुठीत मावणारी, बुडाला किंचित फुगीर. टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी लांब वाजायची. सासूबाई पवन मावळातल्या. त्यांचं निम्मं आयुष्य भातखाचरात गेलं. मृगाच्या सुमारास टाकलेलं रोप आषाढात उपटायचं, जुड्या बांधायच्या, चिखलणी केलेल्या खाचरात कमरेत वाकून लावायचं. पाठीवर इरलं आणि पाय दिवसभर चिखलात. लावणी संपेपर्यंत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचा फुटलेल्या, कंबर धरलेली. रात्री चुलीच्या उबेला बसून बायका एकमेकींच्या तळपायांना वाटी लावत. तूप असलं तर तूप, नसलं तर गोडं तेल. तळव्याला ते चोपडायचं आणि वाटीचा बुडखा टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल घासत न्यायचा. पाच-दहा मिनिटांत तूप आधी राखाडी आणि मग काळं होतं. ते काळं म्हणजे अंगातली उष्णता. ती निघाली की डोळ्यांची जळजळ थांबते, झोप लागते. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण नुसतं बोलायला म्हणतो. सासूबाईंच्या लेखी तो रोजचा अनुभव होता, आणि त्या आगीवरचा उतारा होता ती वाटी.

मी पुण्यातल्या पेठेत वाढलेली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. १९९६ साली लग्न होऊन लोणावळ्याला आले आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. दोन वर्षांनी सासरे गेले आणि सासूबाई गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. सोबत एक ट्रंक, एक गोधडी आणि ती वाटी.

मे १९९९. सुट्टी असल्यामुळे घरात भाचरं गोळा झालेली. माझ्या वर्गातली तीन-चार मुलंही कसल्याशा प्रदर्शनाच्या तयारीसाठी आली होती. दुपारची वेळ. सासूबाई वाटी आणि तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "जरा पायाला वाटी लावतीस का गं? रातभर आग आग होती." लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागण्याची ती पहिली वेळ. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. आता येतं.

मी म्हटलं, "आई, थांबा. मुलांना एक गंमत दाखवते." वाटी घेतली आणि दारातून नवऱ्याची जुनी कोल्हापुरी चप्पल आणली. तिच्या तळाला तूप चोपडलं आणि वाटी घासायला लागले. चामडं खरखरीत, तूप बघता बघता काळं झालं. मी ते बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, "बघा, चपलेलासुद्धा केवढी उष्णता झाली होती!"

मुलं खो खो हसली. नवराही हसला. सासूबाई हसल्या की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण मी बघितलंच नाही. त्या उठल्या, माझ्या हातातून वाटी घेतली, मोरीत जाऊन चिंचेने घासली, पदराला पुसली आणि आत गेल्या. त्यानंतर वाटी कधी बाहेर आली नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

प्रयोग म्हणून त्यात काहीच चूक नव्हती. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तूप लावून ते कशावरही घासलं की धातूचा अगदी बारीक कीस निघतो. तुपातली मेदाम्लं आणि माणसाचा पाय असेल तर घामातला खार, यांची तांब्याशी प्रक्रिया होते आणि काळपट लेप तयार होतो. पितळेचं भांडं पुसलेलं फडकं काळं होतं तसंच हे. तूप काळं व्हायला पाय लागत नाही, घर्षण लागतं. हे तेव्हा बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. पण तूप काळं का होतं, असं सासूबाईंनी मला विचारलंच नव्हतं. पायाला वाटी लावतेस का, एवढंच विचारलं होतं.

माझ्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, ती सांगते. लहानपणी शेजारच्या घरात एका तान्ह्या मुलाच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिलेले मी पाहिले होते. पोट फुगतं म्हणून. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. धोबी त्यानेच कपड्यांवर न पुसल्या जाणाऱ्या खुणा करायचे. त्या बाळाचं रडणं वाड्यात दोन दिवस ऐकू येत होतं. पुढे कॉलेजात असताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलनावरची व्याख्यानं ऐकली आणि माझ्या त्या जुन्या रागाला शब्द मिळाले. त्यात दाभोलकरांचा काही दोष नाही. ते तपासा म्हणत होते. मी तपासणं वगळलं आणि राग तेवढा ठेवला. बिब्बा, डाग, तुंबडी, उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, आणि काशाची वाटी, हे सगळं मी एकाच पोत्यात कोंबलं आणि तोंड बांधून टाकलं. एकाने कातडी जळते आणि एकाने झोप लागते, एवढा फरकही मला करता आला नाही. रसायनशास्त्राच्या बाईला!

पण बिब्ब्याच्या आडून मी अजून एक गोष्ट झाकतेय. तीच खरी. मला त्या पायांची घाण वाटायची. भेगा पडलेले, बोटं फाकलेली, चिखलाने नखं कायमची पिवळी झालेली. माझ्या आईचे पाय असे नव्हते. दिवाळीत, संक्रांतीला मी वाकून नमस्कार करायची तो बोटांची टोकं टेकवून न टेकवल्यासारखा. ते पाय मांडीवर घ्यायचे, तूप लावायचं, दहा-दहा मिनिटं धरून बसायचं, या कल्पनेनेच अंगावर काटा यायचा. आणि 'मला किळस येते' असं म्हणण्यापेक्षा 'हे अवैज्ञानिक आहे' असं म्हणणं किती सभ्य वाटतं! त्या दुपारी मी विज्ञानाची बाजू घेतली नव्हती. विज्ञानाला मी चिमट्यासारखं वापरलं होतं.

लोणावळ्यात राहणाऱ्याला तर याची जास्त लाज वाटायला हवी. कॉलेजच्या मुलांना मी अनेकदा कैवल्यधाम या योगसंस्थेत घेऊन गेले आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली ते इथे सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे त्रैमासिक काढलं. त्याआधी बडोद्यात त्यांनी योगक्रिया करणाऱ्या माणसांची क्ष-किरणांनी तपासणी करून घेतली होती. नौली ही पोटाची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून पाहिलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं, नाव दिलं. मला हा माणूस फार आवडतो. गुरूवर श्रद्धा आहे आणि हातात दाबमापकही आहे. मी मुलांना सांगायची: परंपरेला आंधळा नमस्कार नको आणि लाथही नको, मोजपट्टी लावा. टाळ्या मिळायच्या.

घरी मात्र मी मोजपट्टी लावली नाही. किती सोपं होतं! दहा दिवस वाटी, दहा दिवस नुसतं तूप हाताने, दहा दिवस काहीच नाही. रोज सकाळी आईंना विचारायचं, झोप कशी लागली, आग किती झाली. वहीत लिहायचं. खर्च, रोजचे दोन चमचे तूप. पण त्यासाठी पाय धरावे लागले असते.

हे मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, खांद्याच्या दुखण्यामुळे. २०२२च्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडायला लागला. इथला पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि पन्नाशीच्या बायकांना सांधे. सुरुवातीला मी ओलीवरच ढकललं. दिवाळीपर्यंत हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरताना कळ, पोळी लाटताना कळ, ब्लाउजची बाही चढवताना तर डोळ्यांत पाणी. रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग. डॉक्टरांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर. व्यायाम करा आणि धीर धरा, एक-दोन वर्षांत बहुतेकांचा आपोआप सुटतो. एक-दोन वर्षं! मी तळेगावला एका फिजिओथेरपिस्टकडे जायला लागले. लोणावळ्याहून लोकल, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. वरची कडी धरता येत नाही म्हणून दाराशी पाठ टेकवून उभी राहायची.

ती मुलगी हुशार, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. दोन महिने व्यायाम झाले, हात थोडा हलला, मग अडकला. एके दिवशी तिने एक स्टीलची पट्टी काढली, कोयरीसारखी वळलेली, कडा गुळगुळीत. खांद्याच्या मागे क्रीम लावलं आणि फऱ्याच्या कडेने पट्टी दाबून ओढायला लागली. एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा. काही जागी पट्टी सरळ घसरायची, काही जागी वाळूवरून गेल्यासारखी करकरायची. "इथे अडकलंय, मॅडम," ती म्हणायची आणि तिथेच फिरायची. दुखत होतं, पण ते दुखणं हवंसं वाटणारं होतं. खाज सुटलेल्या जागी कोणीतरी नेमकं खाजवावं तसं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आमच्याकडे याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. चिनी लोक हेच फार पूर्वीपासून करतात, ते ग्वा शा म्हणतात."

"आणि याने होतं काय नेमकं?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू, मॅडम? नक्की कोणालाच सांगता येत नाही. रक्त वाढतं त्या जागी, हे दिसतं. नसांचं लक्ष दुसरीकडे जातं, दुखणं कमी जाणवतं. कोणीतरी वेळ देऊन हात लावतं, त्याचाही भाग असेल. पण बऱ्याच जणांना बरं वाटतं."

मी मान डोलावली. आणि पाचशे रुपये दिले.

त्या उत्तराने मला अजिबात त्रास झाला नाही, याचं मला परतीच्या लोकलमध्ये नवल वाटलं. वडगाव गेलं, कान्हे गेलं, मी खिडकीतून बघत बसले होते. कारण नक्की माहीत नाही पण बरं वाटतं, हे वाक्य मी याआधी कधी ऐकलं होतं का? ऐकलं नव्हतं, मी ते कोणाला बोलूच दिलं नव्हतं. इथे मात्र पांढरा कोट होता, स्टीलची पट्टी होती, पावती होती. पट्टीऐवजी वाटी आणि पावतीऐवजी पदर असता तर मी चप्पल आणली असती.

रात्री कित्येक महिन्यांनी मी उजव्या कुशीवर तासभर झोपले. सकाळी हात चार बोटं जास्त वर गेला. खांदा तोवर आपोआप सुटायला लागला असेल, हेही शक्य आहे. मी ते नाकारत नाही. पण ती एक रात्र मला कोणी खोटी ठरवली असती तर मी भांडले असते.

मग मी सवयीप्रमाणे वाचायला बसले. 'ग्वा' म्हणजे खरवडणं. 'शा' म्हणजे वाळू. खरवडल्यावर कातडीवर उठणारे वाळूच्या कणांसारखे लाल ठिपके, त्यांनाही तेच नाव. म्हशीच्या शिंगाची पट्टी, जेडचा दगड, नाणं, सूप प्यायचा चिनी मातीचा चमचा, घरात जे गुळगुळीत असेल ते चालतं. व्हिएतनाममध्ये याला वारा खरवडणं म्हणतात आणि इंडोनेशियातही अंगात वारा शिरला की नाण्याने पाठ घासतात. वारा शिरला! आमच्याकडे वात धरतो, त्यांच्याकडे वारा शिरतो. २००१ साली चीनमध्ये 'ग्वा शा' नावाचा सिनेमाच निघाला: अमेरिकेत राहणाऱ्या चिनी कुटुंबातले आजोबा नातवाची पाठ घासतात, डॉक्टरांना वळ दिसतात आणि आईबापांवर पोराला मारल्याचा आळ येतो. तिथली हुशार माणसं वळ बघतात आणि पुढचं काही विचारत नाहीत. मला त्यांची ओळख पटायला वेळ लागला नाही.

अभ्यासही सापडले. २००७ साली अकरा निरोगी माणसांवर घासून लेझरने मोजलं, तेव्हा पहिली काही मिनिटं त्या जागेचं बारीक रक्ताभिसरण चौपट झालेलं दिसलं. २०११ साली जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ४८ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ग्वा शा, निम्म्यांना शेक. आठवड्याने घासलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. रुग्णसंख्या छोटी, मुदत आठवड्याची, आणि आपल्याला काय केलंय हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे बरं वाटण्यात मनाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. विद्यार्थ्याने असा निबंध आणला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. तरी मी ते वाचून सुखावले. आणि सुखावल्याबरोबर चमकले. सासूबाईंना खोटं ठरवायला मला पाच मिनिटं आणि एक चप्पल पुरली होती. त्यांना संशयाचा फायदा द्यायला जर्मनीतून कागद यावा लागला.

मात्र माझं मन त्या कागदाने बदललं, असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. कागदाने फक्त तडा गेला. बदललं ते दुसऱ्या वेळेनंतर, आमच्या मधल्या खोलीत.

दुसऱ्या वेळी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पट्टीला जरा जोर लावला होता. मी घरी येऊन साडी बदलत होते आणि दार लोटलेलं होतं. सासूबाई माझा चहा घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. पाठीवरचे वळ मला दिसत नव्हते. ते किती लाल असतील याचा अंदाज मला त्यांच्या चेहऱ्यावरून आला.

"कुनी मारलं गं तुला?"

पाठोपाठ त्यांनी बाहेरच्या खोलीकडे, मुलाच्या दिशेने, अशी नजर टाकली की मला हसू आलं. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण त्या क्षणी तिने पोटच्या पोराला सोडलं नसतं. तेवढ्या एका नजरेने माझ्या आत काहीतरी सैल झालं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने त्या कधी उभ्या राहतील असं मला वाटलंच नव्हतं. मी तसं काही केलंही नव्हतं.

"कोणी नाही, आई. खांद्यासाठी घासून घेतलं. डॉक्टरकडे."

"घासून? कशानं?"

"स्टीलची पट्टी असते."

"पैसं घेत्यात?"

"पाचशे."

त्या काही बोलल्या नाहीत. चहा खाली ठेवला, जवळ आल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढून पाठ बघितली. "कोरडंच घासलं का काय?"

"क्रीम लावलं होतं."

"क्रीम!" या एका शब्दात त्यांनी अख्ख्या वैद्यकशास्त्राची वाट लावली. स्वयंपाकघरात गेल्या. पळीत खोबरेल कोमट केल्याचा वास आला. परत येऊन म्हणाल्या, "फिर. पाठ कर इकडं."

मी पाठ केली. त्यांचा हात लागला आणि मी दचकले; तो खरखरीत होता आणि गरम होता. तोवर त्यांचा हात माझ्या पाठीला कधी लागला होता? बाळंतपणात माझी आई आली होती. मीच आणवली होती. त्यांनी आधी तळहाताने तेल पसरलं, घाई न करता. मग अंगठा फिरवायला लागल्या. वळांवर नाही, वळांच्या कडेने. फऱ्याच्या खाली एका जागी अंगठा आला आणि थांबला. "हितं हाय ना?" तिथेच होतं. त्या मुलीला ती जागा शोधायला पंधरा मिनिटं आणि शरीरशास्त्राची पदवी लागली होती. सासूबाईंनी वाकलेल्या पाठी आयुष्यभर पाहिल्या आहेत, एवढंच.

अंगठा तिथे दाबून त्या गप्प बसल्या. बाहेर नवऱ्याचा टीव्ही चालू होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. कसं बोलायचं ते सुचेना. तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी सहज, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा:

"मग? निघाली का उष्णता?"

मी वळून बघू शकले असते. बघितलं नाही. त्या दुपारी मी त्यांचा चेहरा बघितला नव्हता. आज त्या माझ्या पाठीमागे होत्या आणि माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, एवढीच काय ती सोय होती. चोवीस वर्षं! आणि मी समजत होते, पटलं त्यांना. त्यांना पटलं नव्हतं, त्या विसरल्याही नव्हत्या; फक्त वाटी बाजूला ठेवली होती आणि मला वेळ दिला होता. त्या दुपारी त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मी आता चोपन्नची आहे.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आई, ती वाटी कुठंय?"

"मोडीत घातली. त्याच वर्षी."

"एवढ्यासाठी?"

"चप्पल लागली हुती तिला."

पायालाच लावायची वाटी, तिला चप्पल लागली तर काय बिघडलं, असा युक्तिवाद माझ्या डोक्यात आला, हे लपवत नाही. खोड जात नाही. पण मी तो गिळला, ते बरं झालं, कारण त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या आयची हुती. ल्हानपनी मी तिच्यात दूधभात खाल्लाय."

अंगठा परत फिरायला लागला. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "हात ढिला सोड, आखडून बसू नगंस."

पुढच्या आठवड्यात पुण्याला गेले तेव्हा तुळशीबागेत नवी वाटी घेतली. आता तिला लाकडी मूठही बसवून मिळते. यंत्रंही निघाली आहेत: फिरणाऱ्या काशाच्या थाळीवर पाय ठेवायचे आणि पैसे मोजायचे. शेजारी फलक असतो, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणून, आणि पुरावा काय तर काळं झालेलं तूप. तो फलक दिसला की माझ्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते, आणि ती कुठल्याही वाटीने उतरणार नाही. माझं मन बदललं आहे, पण रसायनशास्त्र बदललेलं नाही. ते काळं म्हणजे विष नाही, तांबं आहे. चप्पल तेवढ्यापुरती खरंच बोलत होती. बदललंय ते इतकंच: कारण चुकीचं सांगितलं म्हणून आराम खोटा ठरत नाही, हे मला मान्य आहे. आणि आराम खरा आहे म्हणून कोणीही सांगितलेलं कारण मी मान्य करणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये बसायला जागा अडचणीची आहे. पण कुवलयानंद तिथेच बसले होते ना?

वाटी लावण्याआधी मी आमच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. आईंना मधुमेह नाही, पायांची जाणीव शाबूत आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नाहीत. टाचेच्या एका भेगेतून रक्त येत होतं, ती आठवडाभर मलम लावून भरू दिली. नवऱ्याला हे सगळं अति वाटत होतं. "अगं, वाटी लावायचीय, ऑपरेशन नाही," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तूही हसला होतास. तो पेपर घेऊन गॅलरीत गेला.

रात्री जेवणं झाल्यावर मी सतरंजीवर बसले, मांडीवर जुना टॉवेल पसरला. सासूबाई खुर्चीत. "ऱ्हाऊ दे की," असं दोनदा म्हणाल्या आणि पाय पुढे केला. मी तो उचलून मांडीवर घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा हलका होता. जवळून बघितलं तर अंगठ्याशेजारचं बोट मुरडलेलं, तळव्याच्या चवड्यावर रुपयाएवढा घट्टा, आणि मधला खळगा मात्र अगदी मऊ, लहान मुलाच्या पायासारखा. हे मला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं नमस्कार केला, पण तळवा कधी पाहिला नव्हता. किळस आली का? पहिलं मिनिटभर आली. लिहिताना वगळावं असं वाटलं होतं. मग वाटी टाचेवरून फिरायला लागली, हाताला लय सापडली आणि ती कधी गेली ते कळलं नाही.

"तूप फार घेतलंस," त्या म्हणाल्या. मी कमी केलं.

वाटी फिरत राहिली. तूप आधी राखाडी झालं, मग काळं. त्यांनी वाकून बघितलं, समाधानाने मान हलवली. "बघ. किती निघालीया."

मी एकदा गप्प बसायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"आई, हे तांबं आहे."

"असू दे तांबं," त्या म्हणाल्या. "आता दुसरा घे."